घरचा गूळ आणि लाल शिक्का

माझी सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी सातवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, पण हाताला येईल ते वाचते, आणि सून काय लिहिते तेही तिच्याकडून मराठीत समजून घेते. म्हणून सांगते, त्या जर्नलवाल्यांनी तिच्याशी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही.

तिनं गुळावर शोधनिबंध लिहिला होता. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रस उकळताना काही जण त्यात रसायनाची पावडर टाकतात, हे आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही? बाजारात जाणाऱ्या गुळात ती किती उरते, ते हिला तपासायचं होतं. मुरगूडच्या बाजूच्या गुऱ्हाळांवर ती स्वतः उन्हातान्हात फिरली, नमुने आणले, तपासले. पावडर जवळजवळ सापडलीच नाही. तसं तिनं लिहिलं, परदेशातल्या एका जर्नलनं छापलं. आम्ही गल्लीत पेढे वाटले.

पुढच्या हंगामात ताजी काकवी आणायला मीही तिच्याबरोबर गेले. गुऱ्हाळाचा मालक ओळखीचा झालेला. सून त्याला म्हणाली, "दादा, मागच्या खेपेचा तुमचा गूळ एकदम शुद्ध निघाला बरं का."

"निघणारच की! घरचा हुता त्यो."

"घरचा म्हणजे?"

"आमच्या खाण्यातला. पोराबाळांसाठी बिनपावडरीचा येगळा काढतो न्हवं का."

"अहो, पण मी बाजाराचा मागितला होता!"

"मागितला हुतासा की. पर दारात आलेल्या पावण्यांच्या हातात बाजाराचा गूळ ठेवायचा व्हय? काय म्हणतील लोकं?"

त्याची बायको कौतुकानं म्हणाली, "आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर बी मीच सांगून ठिवलंतं. कालिजातल्या म्याडम येणार हायत, चांगला द्या म्हणून."

मला हसू आवरेना. सुनेचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तिचा सगळा निबंध घरच्या गुळावर उभा होता.

घरी येऊन तिनं पहिलं काम काय केलं, तर जर्नलला कळवलं. माझे नमुने चुकीचे होते, निष्कर्ष चुकीचा आहे, आणि नमुने कसे चुकले, तेही सगळं. निबंधावर तिच्याबरोबर ज्यांचं नाव होतं ते मोठे सर फोनवर म्हणाले, "कशाला उकरताय? कोण वाचतंय ते?" ती म्हणाली, "सर, कुणीतरी वाचून बाजारचा गूळ बिनधास्त खा म्हणून सांगेल. मग?"

जर्नलवाले मात्र गप्प. छापताना यांच्या रोज ई-मेल यायच्या, हे चित्र नीट करा, तो स्वल्पविराम काढा. चूक कळवली आणि सगळ्यांची वाचा बसली. ऊस तुटून गेला, बुडख्यांतून फुटलेला खोडवा वाढीला लागला, तरी निबंध आपला तिथंच झळकतोय. वर तिकडं कुणीतरी आपल्या निबंधात त्याचा दाखलाही दिला.

"चूक हाय हे ठाऊक असून मांडून ठेवलंय व्हय गं?" मी विचारायची.

"आत्ती, त्यांची चौकशी चालू आहे."

"तू स्वतःच्या तोंडानं सांगितल्यावर आणि कसली चौकशी?"

शेवटी एकदाचं केलं. पानापानावर आडवा लाल शिक्का, मागे घेतला म्हणून. खाली एकच वाक्य, की निष्कर्ष विश्वासार्ह नसल्यामुळे संपादकांनी हा निबंध मागे घेतला आहे. संपादकांनी! कळवलं कुणी, का, कसं, काही नाही. सुनेनं मला दुसरे असले निबंधही दाखवले. कुणी आकडे मनानं रचलेले, कुणी दुसऱ्याचं लिखाण उतरवून काढलेलं, त्यांच्यावरही हाच शिक्का. चोरी करणारा आणि चूक कबूल करणारी एकाच रांगेत उभी. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली.

आमच्या इथल्या पेपरनं एकदा निधनवार्तेत माझ्या जित्याजागत्या दिराचा फोटो छापला होता. दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा आला, चूक आमची, फोटोंची अदलाबदल झाली, क्षमस्व. वाचणाऱ्याला सगळं कळलं. दीर ती चौकट खिशात घालून भेटेल त्याला दाखवत होते. एवढी साधी गोष्ट जगभर मिरवणाऱ्या जर्नलला का जमू नये?

त्यातच सुनेच्या बढतीची मुलाखत आली. त्या शिक्क्याचं पान कुणीतरी स्टाफरूममधल्या मोबाइलांवर फिरवलं. एक बाई तिला तोंडावर म्हणाल्या, "काय मॅडम, गुळात पाणी घातलं म्हणे?" त्या संध्याकाळी सून रडली नाही, पण भांडी अशी आपटत होती की शेजारीण डोकावून गेली.

तिनं जर्नलला परत विनवलं. फार नको, एवढंच घाला, की ही चूक लेखिकेनं स्वतः कळवली. या वेळी उत्तर कसं लगोलग आलं! सूचना एकदा प्रसिद्ध झाली की तीत बदल करायची आमची पद्धत नाही. घ्या! जगाच्या दुरुस्त्या छापणार, आणि स्वतःच्या वाक्यात दुरुस्ती चालत नाही.

मी तिला म्हणाले, "ते सांगत न्हाईत तर तू सांग. कुणी विचारायच्या आत."

मुलाखतीत बसल्याबसल्या तिनं तेच सांगितलं, गुऱ्हाळवाल्याच्या बायकोसकट. कमिटीतले हसले म्हणे. एकानं विचारलं, "तुम्ही कळवलं नसतं तर कुणाला कळलं असतं?" ती म्हणाली, "नसतं कळलं." त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. सून घरी आली ती हलकी होऊन.

मग कॉलेजचं उत्तर आलं. निर्णय राखून ठेवला आहे. चूक आपण स्वतः कळवली होती, असा जर्नलचा खुलासा सादर करावा, मग विचार करू.

म्हणजे जे द्यायचं नाही म्हणून जर्नल अडून बसलंय, तेच आणून द्या म्हणतात! सून परत लिहायला बसली आहे. मी तिला सांगितलंय, वैताग येईपर्यंत लिही, त्यांना येऊ दे वैताग. इथं कोल्हापुरात असते ना ते, तर मी पदर खोचून त्यांच्या दारात ठाण मांडलं असतं, आणि ते एक वाक्य लिहून घेतल्याशिवाय उठले नसते. पण जायचं कुठं? त्या जर्नलला दारच नाही, नुसता ई-मेलचा पत्ता आहे.