यादीत नसलेला फोन

आमच्या घरात मेंढरांमागं न जाता कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, हे मी आजही मान वर करून सांगतो. गाव चारठाण्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. ग्रामपंचायतीनं अभ्यासिका काढली, तिथं वायफाय आलं आणि ते सांभाळायला मला बसवलं.

पासवर्ड पहिल्याच दिवशी गावभर झाला. पारावर बसणारे व्हिडिओ बघायचे आणि आत भरतीचा अभ्यास करणाऱ्यांचं साधं पान उघडायचं नाही. मग मी तोड काढली. प्रत्येक फोनला कारखान्यातूनच एक बारा अक्षरांचा पत्ता मिळालेला असतो. ज्या फोनचा पत्ता यादीत, त्यालाच वायफाय. बाकीच्यांना पासवर्ड पाठ असला तरी उपयोग नाही. माणशी एक फोन, असा नियम केला. रजिस्टरात नाव आणि पुढं पत्ता, राउटरमध्येही तसंच. लोक साहेब म्हणायला लागले. आई तर बायांत सांगायची, "माझ्या लेकाच्या हुकमाबिगर गावात नेट चालत न्हाई."

माणशी एक फोन. आमच्याकडं फोन माणसाचा नसतो, घराचा असतो. मी त्याच घरांत वाढलो, मला ते माहीत होतं. तरी नियम केला.

माझी चुलत बहीण बारावी चांगली पास झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस, मुदत पाच वाजेपर्यंत. यादीत तिच्या नावापुढं होता तो घरातला फोन, आणि तो तिच्या थोरल्या भावाच्या खिशात. पेरण्या झाल्या की शिवारात मेंढरं चालत नाहीत, म्हणून तो कळप घेऊन डोंगराकडं गेलेला. गावात दोन दिवस मोबाइलला रेंज नव्हती. तीनच्या सुमाराला ती शेजारच्या घरातल्या वहिनीचा फोन घेऊन अभ्यासिकेत आली.

"दादा, हा तेवढा टाका यादीत. फारम भरते अन् लगेच काढा."

एरवी मला अरे-तुरे करणारी. त्या दिवशी चारचौघांत मान ठेवून बोलली.

भरतीची तयारी करणारे तिघं-चौघं बसलेले. त्यांतल्या एकाचा दुसरा फोन मी सकाळीच नाकारला होता. तो हसला. "टाका की साहेब. बहिणीला येगळा कायदा असंल."

ते मला लागलं.

"तुझ्या नावावर एक फोन हाय," मी तिला म्हणालो. "तो आण."

"तो डोंगरात हाय, दादा. कसा आणू?"

"मग मी काय करू? नियम म्हणजे नियम."

"दोन मिनटाचं काम हाय."

"आज तुला दिलं की उद्या सगळं गाव दारात."

तिनं वहिनीचा फोन पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "लय शिकलास रे." आणि गेली.

माझा स्वतःचा फोन टेबलावर होता, वायफायला जोडलेला. तो तिच्या हातात दिला असता तरी नियम मोडत नव्हता. मला सुचलं नाही, असं मी घरी सांगितलं. सुचलं होतं. तो हसणारा अजून माझ्याकडंच बघत होता.

ती तालुक्याला, जिंतूरला निघाली. देवगाव फाट्याकडून येणारी एसटी आली नाही. जीपवाल्यानं माणसं भरेपर्यंत थांबवलं. नेटवाल्याच्या दुकानात ती पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि फॉर्म बंद झाला होता.

पुढच्या वर्षी भरू, असं चुलते म्हणाले. पुढच्या वर्षाआधी तिचं लग्न झालं. सासरी कळप मोठा आहे. ती त्याच्यामागं असते. मला भेटली की बोलते, आईची तब्येत विचारते. त्या दिवसाचं काढत नाही.

तिचं नाव मी यादीतून काढलेलं नाही. तिचा भाऊ मेंढरं घेऊन अभ्यासिकेवरून जातो, तेव्हा त्याच्या खिशातला फोन आपोआप जोडला जातो आणि माझ्या स्क्रीनवर तिचं नाव येतं. कळप पुढं सरकेपर्यंत ते तिथं असतं. मग जातं.