बंदीतली ताजी सुरमई

मंडळी, पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू आहे. आमची होडी महिनाभर किनाऱ्यावर नारळाच्या झापांखाली झाकून ठेवलीय. तरी आज सकाळी आमच्या खानावळीच्या पेजवर पोस्ट पडली, ‘पहाटेच आमच्या होडीतून उतरलेली ताजी सुरमई.’

दुपारी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दारात. “काय रे, बंदीत होडी नेलीस? परवाना घालवायचाय?” झापं उचलून होडी दाखवली, तेव्हा गेले.

पेज सांभाळणाऱ्या पुण्याच्या हुशार माणसाला फोन लावला. त्याने वर्षभराच्या पोस्ट जानेवारीतच शेड्यूल करून टाकल्यात. म्हणतो, “दादा, रीच बघा ना.”

बघितली. खाली दोघांनी लिहिलंय, ‘ताजी दिसतेय.’ दोघेही आमच्याच वाडीतले. होडी वर ओढायला हेच आले होते.

तुमच्या कमेंटही शेड्यूल केलेल्या असतात का रे?