चूक कोणाच्या नावावर

मेधाला, माझ्या बायकोला, हे ठाऊक नाही. माझ्या धाकट्या भावालाही नाही, आणि त्याला तर मी कॉलेजातल्या सगळ्या भानगडी सांगून बसलोय. सिंगापुरात ज्या मित्रांबरोबर दर वर्षी गणपतीची आरास केली, त्यांच्यापैकी कोणालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या सकाळी लिफ्टमध्ये आपली गाठ पडणार नाही. हे शौर्य नव्हे, मला कळतं. शौर्याचा आणि माझा संबंध किती, ते पुढे दिसेलच.

आधी माझा धंदा सांगतो. हसू नका. मी चिंचवडचा, जन्मभर क्रिकेट पाहिलेला, आणि सिंगापुरात बसून अमेरिकेतल्या पोरांचा फुटबॉल तपासत होतो. पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे — हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा, तो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, समोरून चार-पाच धटिंगण त्याला लोळवायला धावत सुटतात, आणि तेवढ्यात त्याने ठरवायचं असतं की चेंडू कोणाकडे फेकायचा. व्यावसायिक संघाचं नशीब या एका माणसावर चालतं. म्हणून कॉलेजात खेळणाऱ्या मुलांमधून उद्याचा क्वार्टरबॅक हुडकायला हे संघ जीव टाकतात. तिकडे शनिवारी रात्री सामना संपला की इकडे रविवारची सकाळ उजाडलेली असते. तिकडचे लोक झोपून उठेपर्यंत एकेक फेक तपासून पाठवायची, हे आमच्या लहानशा कंपनीचं काम. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून — त्याचाच मला पगार मिळत होता.

चेंडू किती लांब गेला हे कोणीही सांगेल. आमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा होता — चूक कोणाची? फेकलेला चेंडू विरुद्ध संघाने झेलला, तर तो फेकणाऱ्याचा दोष, की ज्याच्यासाठी फेकला तोच ठरलेली वाट सोडून भलतीकडे वळला? टीव्हीसमोर बसलेला माणूस फेकणाऱ्याला शिव्या घालून मोकळा होतो. आम्ही तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहून चूक योग्य माणसाच्या नावावर लावायची. वड्याचं तेल वांग्यावर निघू नये, एवढंच आमचं काम. मी त्यात तरबेज होतो. नवीन येणाऱ्यांना मीच शिकवायचो.

आणि शिकवताना एक गोष्ट फार तळमळीने सांगायचो. चांगली पोरं नासतात कशी? हुशार पोराला पहिल्याच वर्षी मैदानात ढकलायचं, त्याला वाचवायला पुढे कच्ची माणसं उभी करायची, आणि तो आठवड्यामागून आठवडे मार खातोय ते बघत बसायचं. हळूहळू त्याची नजर बदलते. लांबच्या साथीदाराकडे पाहायचं सोडून तो अंगावर येणाऱ्याकडेच पाहायला लागतो — कोणी येत नसलं तरी. एकदा नजर अशी खाली आली की सहसा परत वर जात नाही. म्हणून शहाणा संघ पोराला वर्षभर बाकावर बसवतो, जुन्या खेळाडूच्या मागे, नुसतं शिकायला. हे मी बोलायला लागलो की मुलं माना डोलवायची. मलाही माझं बोलणं फार आवडायचं.

सायली त्या मुलांतलीच. मूळची धुळ्याची. क्लेमेंटीजवळच्या विद्यापीठातून मास्टर्स करून थेट आमच्याकडे आली. यिशुनला एका तमिळ कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायची. हा खेळ तिने कधी पाहिलासुद्धा नव्हता. पण शाळेत असताना ती जिल्ह्याकडून खो-खो खेळली होती. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "सर, तुम्ही सगळे त्याच्या हाताकडे का बघता? पाय बघा ना. पळणाऱ्याच्या तोंडाकडे बघणारा फसतो." आणि खरंच — पोराचा चेहरा शांत असायचा, हात सुरेख फिरायचा, पण पाय आधीच घाबरलेले असायचे. मला हे उमगायला काही वर्षं गेली होती. तिला कोणी शिकवलंही नाही.

मला तेव्हा आनंद झाला का? झाला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

रविवारचं काम संपलं की ती बऱ्याचदा क्लेमेंटीला आमच्या घरी जेवायला यायची. मेधाला ताई म्हणायची, मला मात्र घरीही सर. आमचा निखिल तिच्याशी इंग्रजीत भांडायचा, ती मुद्दाम अहिराणीत उत्तरं द्यायची, आणि मेधा हसून हसून बेजार व्हायची. हे सांगतोय, कारण ती परकी होती असा समज तुमचा व्हायला नको.

आता कामाचा नियम ऐका, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक फेक दोघांनी पाहायची. पहिल्याला शंका असली तर त्याने चूक तात्पुरती फेकणाऱ्याच्या नावावर टाकायची आणि शेजारी शंकेची खूण करायची. दुसऱ्याने नीट पाहून निकाल द्यायचा आणि 'पाहिलं' हे बटण दाबायचं. बटण दाबलं की खूण पुसली जाई. सायली पहिली, मी दुसरा.

मी पाहणं सोडून दिलं. एकदम नाही — असं काही एकदम होत नाही. आधी सोप्या फेकी पाहिनाशा झाल्या. मग ज्यांवर तिची शंका नाही त्या. तिचं सहसा चुकत नसे, मग कशाला डोळे फोडायचे? आणि रविवार म्हणजे निखिलचा एकुलता एक मोकळा दिवस, बाकीचे सगळे ट्यूशनने खाल्लेले. बघा, मी पोराला पुढे करतोय. तो नसता तरी मी हेच केलं असतं.

एका रविवारी आम्ही तिघं पुलाउ उबीन बेटावर गेलो. बमबोटीतून, म्हणजे तिथल्या लहान होडीतून, उतरून भाड्याच्या सायकली घेतल्या आणि फोन वाजला. सायलीचा निरोप — "सर, तीन ठिकाणी शंका आहे. झेलणारा उलटा वळलाय असं वाटतं. नीट बघाल ना?" निखिल पुढे जाऊन थांबला होता. "पपा, फास्टर लाह!" मी धक्क्याजवळ सायकल पायांत धरून तिन्ही ठिकाणी 'पाहिलं' दाबलं आणि तिला लिहिलं, "बघितलं. आहे ते बरोबर आहे." काहीही बघितलं नव्हतं. मग आम्ही बेटभर हिंडलो, शहाळी प्यायलो. दिवस फार छान गेला.

त्या तीन चुका एका पोराच्या नावावर गेल्या. ज्या संघासाठी आम्ही काम करत होतो त्यांच्या यादीत तो घसरला, आणि निवडीच्या वेळी त्यांनी दुसऱ्यालाच घेतलं. पुढे त्या पोराच्या जुन्या प्रशिक्षकाशी कोणाचं तरी बोलणं झालं, आणि उघड झालं की तिन्ही वेळा झेलणाराच चुकला होता. सायलीला वाटलं होतं, अगदी तेच. संघ भडकला. तुमच्याकडे फेकी तपासतं तरी कोण, असं त्यांनी आमच्या साहेबांना, लिमना, विचारलं. आणि लिमनी आम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

मी सायलीला त्याच संध्याकाळी आमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, गाठलं. तिच्यासाठी चहा आणला. आणि शांतपणे, मोठ्या भावाने समजवावं तशा आवाजात सांगितलं — तू असं म्हण की मला खात्री होती, सरांना मी तसं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. तू नवी आहेस, नवख्याला माफ करतात. मला नाही करणार. माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे, निखिलची शाळा आहे. मी तुला सांभाळून घेईन.

तिने विचारलं नाही की सर, तुम्ही तर 'बघितलं' लिहिलं होतं. शंकेच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, पण तिच्या फोनमध्ये तो निरोप होता. तो दाखवला असता तर मी तिथेच संपलो असतो. ती चहाच्या कपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चालेल सर. तुम्ही आहात ना."

दुसऱ्या दिवशी तिने शब्दही इकडचा तिकडे न करता तसं सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. मी मान हलवली.

इथपर्यंतचं पाप तुम्ही कदाचित पोटात घालाल. घाबरला बिचारा, संसारी माणूस, असं म्हणाल. मीही तसंच म्हणत होतो. पण मी कबूल करायला बसलोय ते हे नाही.

दोनेक दिवसांनी लिमनी मला एकट्याला आत बोलावलं. ते चिडलेले नव्हते. उलट म्हणाले, पोरगी सरळ आहे, अंगावर आलेलं तिने झटकलं नाही. तिची नजरही मला चांगली वाटते. संघाला मी समजावेन. तिला वर्षभर तुझ्या हाताखाली ठेवू, एकटीचं काम द्यायचं नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी त्यांच्या पद्धतीने विचारलं, "यू टेल मी. धिस गर्ल, कॅन ऑर कॅनॉट?"

लक्षात आलं ना तुमच्या? त्यांना तिला ठेवायचं होतं. माझ्याकडून त्यांना एक शब्द हवा होता. आणि प्रश्न कुठला — तर आयुष्यात ज्या एकाच प्रश्नाचं उत्तर मला चांगलं देता यायचं, तोच. हे पोर वाढेल का?

मी म्हणालो, "कॅनॉट."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण मी पुढे बोललो. म्हणालो, चूक झाल्यावर तिची नजर खाली जाते, आता ती प्रत्येक फेकीला बिचकेल, हे सुधारत नसतं. माझंच तळमळीचं भाषण, त्यातलं नेमकं वाक्य काढून मी तिच्या गळ्यात घातलं. लिमनी मान डोलवली. हा माणूस पोरं ओळखतो, असा माझा लौकिक होता.

का म्हणालो? ती समोर राहिली असती तर कधी ना कधी बोलली असती, ही भीती होती. पण ते अर्धंच झालं. उरलेलं अर्धं मला लिहितानाही जड जातंय — दोन वर्षांत ती माझ्या पुढे गेली असती. लिमना ते दिसायला लागलं होतं, आणि त्यांना दिसतंय हे मला दिसलं होतं. एका खो-खो खेळणाऱ्या पोरीवर मी जळत होतो. तिने तर माझ्यासाठी खोटं बोलून माझी नोकरी वाचवली होती.

तिची नोकरी गेली, आणि त्याबरोबर सिंगापुरात राहायचा पासही रद्द झाला. जायच्या आधी ती घरी आली. मेधाने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि दारातच रडायला लागली. सायलीने वाकून मला नमस्कार केला. मी काय म्हणालो असेन? "मोठी हो," म्हणालो. तोंडातून तेच आलं, आपल्याकडे तेच येतं.

त्या क्वार्टरबॅकचं काय झालं, तेही सांगतो. दुसऱ्या एका संघाने त्याला उशिरा, जवळपास उपकार म्हणून घेतलं. बाकावर बसवलं, एका म्हाताऱ्या खेळाडूच्या मागे, आणि घाई केली नाही. पुढे तो खेळायला लागला, चांगला खेळायला लागला. मी त्याचे सामने पाहायचो. त्याला कोणीतरी वर्ष दिलं होतं.

सायली मला एकदाच पुन्हा भेटली, पुण्यात, मेधाच्या भाच्याच्या लग्नात. आता हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर आहे. मेधाच्या गळ्यात पडली, निखिल किती उंच झाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधला मी — खरं सांगतो, आशेने शोधला. नव्हता. म्हणाली, "सर, लिम सरांनी मला शेवटच्या दिवशी सांगितलं होतं, तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणालात ते. वाईट वाटलं तेव्हा. पण तुम्ही खोटं कशाला सांगाल? बरं झालं, वेळेवर कळलं. आता मी काही पाठवायचं झालं ना, तर आधी दोघांना दाखवते. माझ्या नजरेचा मला भरवसाच नाही." आणि हसली.

म्हणजे तो निरोप तिच्या फोनमध्ये असताना, मी तिला खोटं बोलायला शिकवलेलं असताना, त्यानंतरही — मी तिच्याबद्दल जे म्हणालो ते तिने खरं मानलं होतं. माझ्याबद्दलची तिची शंका तिने स्वतःच्या नावावर टाकली होती.

मेधा अभिमानाने माझ्याकडे बघत होती. पंगत बसत होती. एक वाक्य पुरलं असतं, आणि मला ते येत होतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

ते वाक्य असं होतं — तिची नजर चांगली होती, माझ्यापेक्षा चांगली, आणि लिमनी विचारलं तेव्हा मला ते पक्कं माहीत होतं.