पेडगावची भिक्षा

माझ्या मामाला देवाला देऊन टाकलं तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं. बकरं वाहताना बकऱ्याला विचारतात का, असं माझी आजी म्हाळसाबाई वर तोंड करून म्हणायची. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तिचा मला अजून राग येतो, आणि राग येतो म्हणून तिची आठवणही रोज येते.

मामाचं नाव मुंजाजी. पेडगावच्या धनगरगल्लीतला जन्म. सात-आठ वर्षांचा असताना त्याला फेफरं यायचं. मेंढरामागं चालता चालता पडायचा आणि तोंडाला फेस यायचा. खंडोबा झाला, बिरोबा झाला, देवऋषी झाला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आजीनं त्याला गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठी असलेल्या महानुभावांच्या एका मठात नेलं. तिथं ओट्यावर डोकं टेकून ती बोलून बसली, लेकरू बरं होऊ दे, तुझ्याच पायी घालते. लेकरू बरं झालं, आणि आजी आज नाही उद्या करत राहिली. मेंढरं राखणारं धडधाकट पोरगं हातानं कोण देऊन टाकतं?

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रजाकारांच्या धामधुमीत गल्लीतली माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ झाली होती. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं घरी परतली आणि त्यांच्या पाठोपाठ पटकी आली. माझे आजोबा त्यात गेले. धाकटा मामा मल्हारी तेव्हा तीन वर्षांचा, तोही हागवणीनं सुकून काडी झाला. तेव्हा आजीला नवस आठवला. नवरा नेला, आता हे नेतोय, कबूल केलेलं दिलं नाही म्हणून देव दुसरं उचलतोय, असं तिच्या मनानं घेतलं. चौदा वर्षांच्या मुंजाजीला तिनं आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं आणि मठात नेऊन सोडलं. ती परत आली तेव्हा मल्हारी उठून बसला होता आणि पेज मागत होता. झालं. आजीपुढं आता साक्षात देव आला असता आणि म्हणाला असता की बाई, यात माझा काही हात नाही, तरी तिनं ऐकलं नसतं.

मठात पहिल्यांदा त्याचं नाव काढून घेतलं. मुंजा म्हणजे पिंपळावरचा, ते नाव तिथं कसं चालणार? त्याचा माधव झाला. डोकं भादरलं, करडे कपडे आले, गळ्यात झोळी आली. काही वर्षांनी त्याला रीतसर संन्यास दिला, आणि संन्यासाबरोबर नेम आले. एकट्यानं हिंडायचं नाही, सोबतीला जोडीदार हवाच. भिक्षेला ज्या गल्लीत शिरलं, तिथलं एकही घर गाळायचं नाही, ओळखीचं म्हणून रेंगाळायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे आपला मुलूख सोडायचा, आपलं गाव सोडायचं, रक्ताच्या माणसांपासून लांब राहायचं. पेडगावला पाऊल टाकायचं नाही. मामा सांगायचा, "बाकीचे नेम पोटानं पाळले. ह्यो एक नेम छातीवर धोंडा ठिवल्यावानी होता."

मुलूख सोडायचा म्हणजे किती सोडावा? त्याला पार पंजाबात धाडलं. पेशावरच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या या पंथाची माणसं राहत होती. फाळणीत ती सगळं टाकून अलीकडं आली आणि अंबाल्याजवळ निर्वासितांच्या वस्तीत राहिली. घरं गेली होती, पण पोथ्या त्यांनी उराशी धरून आणल्या होत्या. त्या पोथ्या मराठीत. त्या लोकांना बाजारातली मराठी ठाऊक नाही, पोथीतली तेवढी ऐकलेली, आणि ती त्यांच्या लेखी देवाची भाषा. आपल्याला कुणीतरी ती वाचून दाखवावी, समजावून सांगावी, एवढंच त्यांनी मठाला कळवलं होतं. मठानं भुजंगबाबा नावाच्या वयस्क संन्याशाला पाठवलं आणि जोडीदार म्हणून अठरा वर्षांच्या माझ्या मामाला.

वर्षभरात परत यायचं ठरलं होतं.

मामा तिथं काय करत होता म्हणाल, तर पहाटे उठायचं, थंडीनं बोटं वाकत नसताना गार पाण्यानं आंघोळ करायची, बाबांच्या मागं भिक्षेला जायचं, दुपारी पोथी, संध्याकाळी पोथी. रस्त्यात माणसं वाकायची. चौदा वर्षांपर्यंत ज्याला गावात कुणी 'ए मुंज्या' म्हणून हाक मारायचं, त्याच्या पाया म्हातारे म्हातारे पडायचे. कुणाशी हसून बोलायची सोय नव्हती. आजारी पडला तरी माणसं दर्शनाला यायची. तो म्हणायचा, माणसाला एकदा हात जोडले ना, की त्याच्याशी बोलायचं काही राहत नाही.

एका संध्याकाळी बाबांना ताप होता आणि पोथी मामाकडं आली. समोर वस्ती भरून माणसं. मामा वाचायला लागला आणि एका पानावर अडकला. जुनी अक्षरं, शाळा फार झालेली नाही, पुढचं पाठ होतं तेही भीतीनं गेलं. गप्प बसावं तर माणसं बघतायत. तेव्हा त्याच्या तोंडून जे आलं ते आलं. ढवळी, काबरी, बोडकी, चितळी, कानतुटी. घरच्या मेंढ्यांची नावं. ती संपली तेव्हा कुठली कुणाच्या पोटची, कुठलीला लांडग्यानं ओढलं, पेडगावच्या ओढ्याला पाणी प्यायला कुठली पुढं पळते, हे सगळं त्यानं पोथीच्या सुरात लावून म्हटलं. म्हणता म्हणता तो रडायला लागला.

समोरची माणसं हात जोडून ऐकत होती. एक म्हातारे लालाजी, ज्यांचा मुलगा येताना वाटेत ताटातूट होऊन हरवला होता, ते तर हमसून रडले. दुसऱ्या दिवशी वस्तीभर झालं की छोट्या महात्माजींसारखं कुणी सांगत नाही. भुजंगबाबांनी आतल्या खोलीत पडल्या पडल्या सगळं ऐकलं होतं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

हे ऐकताना मी लहानपणी पोट धरून हसायचे. पण मामा आपल्याच हातानं अडकला होता. वस्तीनं मठाला सांगून पाठवलं की छोट्या महात्माजींना आणखी राहू द्या. वर्षाची दोन झाली, दोनाची चार. तो जितका मनापासून रडायचा तितकी त्याची कीर्ती वाढायची. खरं सांगून टाकावं म्हटलं तर त्या लालाजींचं काय करायचं? त्यांनी त्या दिवसापासून पहिल्यांदा पोटभर जेवायला सुरुवात केली होती.

एकदा त्यानं बाबांपुढं तोंड उघडलं.

"बाबा, मला घरी जाऊ द्या."

"जा की. कोन धरलंय तुला?"

"तुमी रागावणार न्हाईत?"

"मी काहून रागावू? मला बी मायनं असंच सोडलं मठात. मी बी लय डाव निघालो. फाटकापस्तोर जायचो."

"मंग?"

"मंग भूक लागायची. वापस यायचो." बाबांनी कूस बदलली. "दाराला कडी न्हाई, पोरा. कडी असती तं मी कवाच तोडून गेलो असतो."

छप्पन साली बाबांचे डोळे फार अधू झाले आणि मठानं दोघांनाही बोलावून घेतलं. लालाजींनी स्टेशनवर येऊन मामाच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडी सुटली तसा मामानं मनाशी निश्चय केला. परभणीची गाडी पेडगावला थांबते. तिथं उतरायचं, घरी जायचं, हे कपडे काढून आड्यावर टाकायचे, धोतर नेसायचं आणि काठी घेऊन मेंढरामागं लागायचं. नवसाची भीती त्यालाही होती. पण बावीस वर्षांच्या माणसाला आणखी चाळीस वर्षं अशीच दिसत असली, की देवाचीसुद्धा भीती कमी होते. आईपुढं काय बोलायचं ते त्यानं वाटेत घोकून ठेवलं : आये, मी आलो, आता जात नसतो.

पेडगाव आलं तसा तो उठला. बाबांना दिसत नव्हतं, पण उठलेलं कळलं.

"मी परभणीच्या टेसनावर बसतो," ते म्हणाले. "दिवस मावळस्तोर वाट बघतो. आलास तं आलास."

दुपार उतरली होती. माझी आई कासाबाई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि ते बाळंतपण माझं. म्हणजे मीही तिथं हजर होते, फक्त साक्षीला उपयोगी नव्हते. आई दारात धान्य निवडत बसली होती. करडे कपडे, भादरलेलं डोकं, गळ्यात झोळी असा एक उंच माणूस समोर उभा राहिला, तर तिनं आत सांगितलं, आये, महात्मा आलाय. आणि मग त्याच्या पायाकडं बघितलं. डाव्या पायाच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती. तो विळा तिच्याच हातून लागला होता. ती किंचाळली आणि सुपातलं धान्य तसंच सांडलं.

आजी चुलीपुढून उठली. दारात आली, बघितलं आणि आईसारखी किंचाळली नाही. बघताक्षणी तिनं ओळखलं असणार. आठ वर्षं ज्याची वाट पाहू नये म्हणून जिवाला दाबून धरलं, त्याला ती ओळखणार नाही तर कोण? ती तशीच आत गेली. मामाला वाटलं, गडव्यात पाणी आणायला गेली, पायावर घालायला. घोकलेलं वाक्य त्यानं ओठावर आणून ठेवलं.

ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर पदर होता आणि हातात भाकरी. तव्यावरची, गरम. उंबरा ओलांडून तिनं ती भाकरी त्याच्या झोळीत घातली आणि वाकून त्याच्या पायांवर कपाळ टेकलं.

"दंडवत, बाबा."

"आये, मी मुंजा."

ती उठली ती त्याच्या तोंडाकडं न बघता. "माझा मुंजा मी देवाला देला."

"आये, मी आलो. आता जात..."

"देलेलं वापस घेतलं तं दुसरं जातंय, बाबा. माझ्यापशी आता एकच हाय. त्यो मेंढरं घेऊन येईल इतक्यात. तुमी फुडं व्हा."

माझी आई मध्ये पडली. पोट सांभाळत उभी राहिली आणि नाही नाही ते आजीला बोलली. तुझा देव असा कसा, तुझं काळीज दगडाचं का, दादाला हात धरून आत घे. ती दादाचा हात धरायला पुढं झाली, तर आजीनं तिचा हात उडवून दिला. आई मला सांगायची, तो फटका जोराचा होता, पण लगेच आजी खाली बसली आणि सांडलेलं धान्य एकेक दाणा वेचायला लागली. आजीला मी माफ करत नाही, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मामा काय करणार? झोळीत भिक्षा पडली होती. भिक्षा पडली की संन्याशानं पुढच्या दारी जायचं, दार गाळायचं नाही. जन्मगावात येऊन त्यानं सगळ्यांत मोठा नेम मोडला होता, आणि आता पायांना सवयीचा तेवढा लहान नेम आठवला. तो शेजारच्या दारी गेला. तिथं चुलती होती. तिनं आजीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि ज्वारीची ओंजळ घालून वाकली. त्याच्या पुढच्या दारी, त्याच्याही पुढच्या. ज्यांच्या बरोबर विटीदांडू खेळला, ज्यांच्या हातचा मार खाल्ला, त्या सगळ्यांनी त्याला ओळखलं आणि सगळेच दंडवत बाबा म्हणाले. एकानं जरी मुंज्या म्हणून हाक मारली असती ना, तर मी तिथंच बसकण मारली असती, असं मामा म्हणायचा.

गल्ली संपली तिथं वेशीबाहेर तो उभा राहिला. अजून त्याचं मन पुरतं मोडलं नव्हतं. भावाला येऊ दे, त्याला सांगतो, तो काही ऐकणार नाही आईचं, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात मेंढरं आली. मागं अकरा वर्षांचा काटकुळा पोरगा, खांद्यावर घोंगडं, पार आजोबांच्या चालीनं चालणारा. मल्हारीला भाऊ आठवत असायचं कारण नव्हतं. त्यानं काठी खाली ठेवली आणि घरी शिकवलं होतं तसा धुळीत आडवा झाला.

"दंडवत, बाबा. कुटले तुमी?"

"लय लांबचा," मामा म्हणाला.

"माझा भाऊ बी हाय तुमच्यातला. तकडं पंजाबात असतो. आये म्हनती, त्याच्यामुळंच मी वाचलो." पोरानं डोकं पुढं केलं. "हात ठिवा ना माझ्यावर."

मामानं हात ठेवला. पुढं मी मोठी झाले, शिक्षिका झाले, मठात त्याला भेटायला जायला लागले, तेव्हा भांडून विचारलं होतं त्याला, तुम्ही सांगितलं का नाही, त्या घडीला सगळं तुमच्या हातात होतं. तो म्हणाला, "डोकं घामानं वलं होतं त्याचं. जितं डोकं. त्यावर हात ठिवून मी कसं म्हनावं, की ह्यो नवस खोटा?"

मल्हारीनं मेंढरं कोंडली आणि घरात आला. माझी आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. आजी चुलीपुढं होती.

"आये, येशीपाशी एक महात्मा भेटला. मला आशीर्वाद देला."

"काय म्हनला?"

"काई न्हाई."

"कोन्या वाटंनं गेला?"

"परभणीच्या." पोरानं भाकरी तोडली. "रडत होता गं. आपल्यावानीच रडतेत काय ते?"