चिखलात न गेलेली जीप

अहमदपूरजवळच्या आमच्या शेताची वाट म्हणजे पावसाळ्यात नुसती चिकट काळी माती. म्हणून मी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घ्यायची ठरवली. औशात एक जुनी मिळत होती. पत्रा जागोजागी चेपलेला, पण इंजिन खणखणीत. वडील म्हणाले, "दुसऱ्यानं वापरून सोडलेली गाडी आपल्या दारात? लोक काय म्हणतील?" महिनाभर त्यांच्यापुढं डोकं फोडून घेतलं. शेवटी वैतागून नांदेडच्या शोरूममधून नवी कोरी आणली. वडिलांनी गावभर पेढे वाटले.

आणि वाट चिखलाची झाली त्याच दिवशी त्यांनी किल्ली कनवटीला लावली. "नवी गाडी कुणी चिखलात घालतं व्हय? जरा जुनी होऊ दे." अरे, मग जुनीच काय वाईट होती? सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढू देईनात. जीप लग्नांना जायची आणि आम्ही दोघं चपला हातात घेऊन शेतात.

एकदा असंच चालताना मागून हॉर्न वाजला. औशाची तीच जीप! शेजारच्या शेतकऱ्यानं घेतली होती. माझ्याआधी वडील चढले, चिखलाच्या पायांनी ऐटीत पुढं बसले आणि मला म्हणाले, "बघ, गाडी घ्यावी तर अशी."