गाण्याची डबी आणि खड्याची टिकली

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्या हातात हाताने काही द्यायचं नाही, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, हे मला माहेराहूनच शिकवून पाठवलं होतं. मला ते कधी जड गेलं नाही. मी तशीही कोणाशी फार बोलत नाही. जाऊबाई होत्या तोवर मधे त्या होत्या. त्या गेल्या, मुलं आपापल्या कामाला बाहेरगावी गेली. नवरा सकाळच्या बसने खापरखेड्याला पॉवर हाऊसवर जातो. मग दिवसभर घरात आम्ही दोघंच. ते पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, आणि मधे मांजर.

ते मांजर फार कामाचं. मी त्याला म्हणायची, "मने, चहा ठेवला म्हणा मधल्या खिडकीत." भासरे त्यालाच उत्तर द्यायचे, "आज डाळ नोको म्हणा, पोट जड हाय." मांजर उठून गेलं की आमचं बोलणंही थांबायचं.

काचबिंदूने भासऱ्यांची नजर गेली तेव्हापासून ते खाटेवर बसून असत. पूर्वी मोहल्ल्यातल्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. कोणी तेव्हाची भजनं टेप करून ठेवली होती. त्यांच्या मुलीने ती कुठूनशी मिळवली, आगपेटीएवढ्या एका प्लेअरमध्ये भरून आणली आणि बापाच्या हातात दिली. "हे दाबा का लागते, हे दाबा का बंद होते. सोपं हाय बाबा," असं सांगून ती संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेलीसुद्धा.

भासरे त्याला गाण्याची डबी म्हणत. एका भजनात त्यांची स्वतःची खंजिरी आहे. ते आलं की त्यांची बोटं खाटेच्या लाकडी पाटीवर चालायची. मी आतून ऐकायची आणि पोळ्या लाटायचा हात आपोआप त्या ठेक्यावर जायचा.

मग एक दिवस डबी मुकी झाली. त्यांनी सगळी बटनं दाबून पाहिली. नवऱ्याने चार्ज करून पाहिली, तरी नाही. रात्री जेवताना भासरे त्याला म्हणाले, "पोरगी दिवाईले आली का देऊन टाक गा तिले. आंधया मानसाच्या हातात काय कामाची?" त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. मांजराशीसुद्धा बोलेनात. चहा खिडकीत थंड व्हायचा.

एका दुपारी ते झोपले होते. डबी टीव्हीच्या डोक्यावर धूळ खात पडली होती. मी ती पदराखाली धरून आत आणली. पडद्यावर सगळं इंग्रजी, आणि चौथीपर्यंत आम्हाला इंग्रजी नव्हतं. म्हणून मी चित्रं पाहिली. कोपऱ्यात इवलंसं कुलूप होतं. कुलूप तर मला वाचता येतं. मग किल्ली शोधली. बाजूला नखाएवढी एक खिटी होती, ती सरकवली तर कुलूप गेलं. बंडीच्या खिशात ठेवताना ती खिटी घासून सरकत असणार. मी तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

पण बटनं सगळी गुळगुळीत, बोटाला सारखीच. मी टिकल्यांचं पाकीट काढलं. माझ्या कपाळाची टिकली भासऱ्यांच्या बोटाखाली कशी जाईल, म्हणून नवं पाकीट फोडलं. सुरू करायच्या बटनावर खड्याची टिकली, थांबवायच्या बटनावर मखमली, आणि खाली एक बटन होतं त्यावर लांबट. ते कशाचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

डबी खिडकीत ठेवून मी मांजराला सांगू लागले, "मने, खड्याची टिकली दाबा म्हणा." त्यांनी मखमली दाबली. "ते नोहे म्हणा, वरची." त्यांनी लांबट दाबली. मला त्यांचं बोट धरून दाखवता येईना. तेवढ्यात मांजर उंदरामागे पळालं आणि मी दारात तशीच गप्प उभी राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि डबी खाली ठेवली. दुपारी मी ती पुन्हा आत नेली. कुठे चुकतं ते पाहत सगळी बटनं दाबत बसले आणि संध्याकाळी ती परत खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतून कुकरची शिटी ऐकू आली. कुकर तर माझ्यापुढे थंड होता. शिटीच्या मागोमाग माझाच आवाज आला, "चोट्टे! सारं दूध पेऊन बसली! आता मोठेबाबाच्या चहात काय तुह्या मिशा टाकू?" आदल्या दुपारी लांबट टिकलीवर माझं बोट राहिलं होतं, डबीने सगळं भरून घेतलं होतं आणि नवं भरलेलं ती आधी ऐकवत होती.

भासरे कितीतरी दिवसांनी हसले. रात्री नवऱ्याला म्हणाले, "तुही बायको एवढी बोलते, मले मालूमच नव्हतं गा! मिशाचा चहा पाजून राहिली मले!"

मी लाजेने मेले. पण रात्रभर एकच विचार डोक्यात होता: डबीशी बोललं तर ते भासऱ्यांशी बोलणं होत नाही.

सकाळी मागच्या अंगणात गेले आणि लांबट टिकली दाबून धरली. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. शेवटी मुलं म्हणतात तेच म्हटलं. "मोठेबाबा, खड्याची टिकली दाबली का भजन लागते. मखमलीनं थांबते. बाजूची पट्टी काढू नोका, तिच्याखाली कुलूप हाय. लांबट दाबून धरली का आपला आवाज भरते. तुमाले काही सांगाचं असन तं..." एवढं म्हणून मी बोट उचललं.

डबी खिडकीत ठेवून मी चौकटीवर टकटक केली आणि आत पळाले. माझा आवाज एकदा आला, मग पुन्हा पहिल्यापासून आला. आणि मग भजन लागलं. थांबलं. पुन्हा लागलं.

दुपारी चार्जिंगला लावताना मी डबी कानाला लावली. आधी खाकरणं होतं.

"आयकते का वं बाई? चालू हाय का नाई, देवाले माईत. तुह्या चहात साखर लय असते. तुह्या जाऊजवळ सांगीन म्हनलं, तं ते गेली. मांजरीजवळ सांगाले बरं नाई वाटलं. बाकी सैपाक बेस असते." मग खाटेच्या पाटीवर बोटं वाजली.

मी ते तीनचार वेळा ऐकलं. रात्री ते नवऱ्याला म्हणाले, "पोरीले फोन कर गा. डबी सुरू झाली म्हणा, आता वापस नाई देत."

सकाळी मी साखर निम्मी घातली, कप खिडकीत ठेवला, टकटक केली. त्यांनी एक घोट घेतला.

"हाव," ते म्हणाले, "आता बराबर झाला."

"बरं," मी म्हणाले.

मांजर तेव्हा बाहेर भिंतीवर ऊन खात बसलं होतं.