रेड्याला पाठ झालेला इतिहास

स्वातंत्र्य नवं होतं, पण सातवीचं इतिहासाचं पुस्तक जुनंच होतं. आणि रटाळ म्हणजे किती रटाळ! एकाच नावाचे चार राजे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाने रस्ते बांधले, झाडं लावली, विहिरी खोदल्या आणि शेवटी तो मेला. शेजारच्या सोपाऱ्याला एके काळी देशोदेशीची जहाजं लागायची, त्याबद्दल चकार शब्द नाही. मला त्या पुस्तकाचा भारी राग होता. दोन ओळी वाचल्या की डोळे मिटायला लागायचे.

पण वाचणं भाग होतं. आबांनी निक्षून सांगितलं होतं, "इतिहासात पडलीस तर शाळा बंद. रहाटाला मानूस हवाच हाय." बरं, पास झाले तरी पेच होताच. पुढची शाळा लांब, तिथून घरी येईपर्यंत वाडीला पाणी द्यायची वेळ टळून जाणार. आणि मला शाळा सोडायची नव्हती. अगदी जिवापासून नव्हती.

आमची वाडी केळीची आणि पानवेलींची. वाडीतल्या तळ्याला आम्ही बावखल म्हणतो, त्यावर पाणी उपसायचा रहाट होता आणि त्याची मडक्यांची माळ फिरवायला रेडा. गोल फिरून त्याला घेरी येऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली. शाळा सुटल्यावर त्याला हाकायचं काम माझं. हाकणाऱ्याने मागच्या आडव्या लाकडावर बसायचं आणि तोंड चालू ठेवायचं. आवाज थांबला की रेड्याला वाटायचं माणूस गेलं, आणि तो जागीच उभा. कोणी गाणी म्हणायचं, कोणी शिव्या द्यायचं. माझी गाणी दोन दिवसांत संपली. शिव्या आबा देऊ देत नव्हते. मग राहिला इतिहास.

मी तो मोठ्याने वाचायला लागले. रेड्याची काही तक्रार नव्हती. मला मात्र पेंगायची सोय उरली नाही. मी पेंगले की रेडा थांबायचा, रेडा थांबला की पाणी थांबायचं, आणि केळींत पाट वळवत असलेले आबा ओरडायचे, "काय गं बाय, राजा मेला काय?" शेजारची काकू कुंपणावरून चिडवायची, "एका रेड्यानं वेद म्हटले व्हते, तुझा इतिहास म्हनंल बघ." पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत मी ते पुस्तक किती वेळा वाचलं याचा हिशोब नाही.

परीक्षा तोंडी होती. गुरुजींनी दुसऱ्या राजाच्या सुधारणा विचारल्या. मी ताठ उभी राहिले आणि डोकं कोरं झालं. एक अक्षर आठवेना. शाळा गेली, असंच वाटलं मला. मग धीर करून विचारलं,

"गुरुजी, फिरत फिरत सांगितलं तर चालेल का? मी रहाटावर पाठ केलाय."

गुरुजीही वाडीवालेच. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हणाले, "फीर."

मी त्यांच्या टेबलाभोवती फिरायला लागले. पहिल्या फेऱ्याला राजा गादीवर बसला, दुसऱ्याला रस्ते झाले, मग झाडं, मग विहिरी, सगळं धडाधड येत गेलं. मध्येच सवयीने तोंडातून निघून गेलं, "चल रे, चल!" वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. गुरुजी हसू दाबत म्हणाले, "मी कुठे थांबलोय? तू पुढचा राजा घे."

निकालात मी इतिहासात पहिली आले. पुस्तक शाळेचं होतं, ते परत केलं आणि घराकडे धावत सुटले. वाटेत मात्र पाय जड झाले. पास झाले खरी, पण आता रहाटाचं काय?

वाडीच्या कुंपणाशी आले तर रहाटाची करकर ऐकू आली. आबा स्वतः लाकडावर बसले होते. माझ्या आबांना अक्षरओळख नव्हती. आणि ते माझ्याच हेलात म्हणत होते, "तिसरा राजा गादीवर आला. त्यानं रस्ते बांधले, झाडं लावली, हिरी खोदल्या..." रेडा आपला खुशाल चालला होता.

मला बघून ते जरा ओशाळले. "पास?"

मी मान डोलावली.

"दुसरं कायपन म्हटलं तर हा पाऊल उचलीत नाय," त्यांनी रेड्याकडे बोट दाखवलं. "तू जा पुढच्या शाळेत. रहाट मी बघतो. फक्त चौथ्याला पोचेपर्यंत पानी पुरं व्हतं, तो कसा मेला ते काय मला कळलं नाय. तेवढं सांगून जा."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! मी उडी मारून त्यांच्या शेजारी बसले आणि चौथ्या राजाला मोठ्या हौसेने मारून टाकलं.